पाणी कुठे आहे, पक्षी काय करतोय: खाडीच्या चिखलावर वेडर पाहायला शिकताना

खाडीवर पहिल्यांदा येणारा माणूस दुर्बीण डोळ्याला लावतो आणि विचारतो, "हा कोणता?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण वेडर, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चालत अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत हाच प्रश्न नवख्याची उमेद खचवतो. ऑक्टोबरनंतर आपल्याकडे दिसणारे हे पक्षी हिवाळी पिसाऱ्यात असतात: वरून करडे-तपकिरी, खालून पांढरे. छोटा टिलवा, कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन दोनशे मीटरवरून वेगळे ओळखणं मुरलेल्या लोकांनाही जड जातं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिला हंगामभर नावांच्या मागे फार लागू नका. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. पाणी आत्ता कुठे आहे? आणि पक्षी आत्ता काय करतोय?

या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत नीट उतरत गेली की नावं मागोमाग येतात, कारण चिखलात प्रत्येक जातीची काम करायची रीत वेगळी असते. आणि एक फार मोठी गोष्ट समजते. सायबेरियाच्या टुंड्रातून आलेला जेमतेम पंचवीस ग्रॅमचा टिलवा इथे सुट्टीला आलेला नसतो. त्याच्या प्रत्येक तासाला हिशेब आहे, आणि तो हिशेब सूर्यापेक्षा पाण्यावर जास्त चालतो.

खाली दिलेली पद्धत ठाणे खाडी आणि मुंबई-अलिबागचा किनारा समोर ठेवून लिहिली आहे. मालवणात, गोव्यात किंवा जामनगरच्या किनाऱ्यावर जाणार असाल तर भरतीच्या वेळा बदलतील, बाकी रीत तीच राहील.

आधी पाण्याचं गणित

चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा बुडतो. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते, त्यामुळे वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी आठ वाजता पक्ष्यांनी भरलेली जागा चार दिवसांनी त्याच वेळी रिकामी किंवा पाण्याखाली दिसते ती यामुळे. "पक्षी गेले वाटतं" असं म्हणून परत फिरणारी पुष्कळ माणसं फक्त चुकीच्या वेळी आलेली असतात.

कोकणकिनाऱ्यावर तिथीवरून भरती काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. निघण्याआधी भरतीच्या तक्त्यात खात्री करून घ्या. मुंबईचे तक्ते सहसा अपोलो बंदरचे असतात आणि खाडीत जसजसं आत जाल तसतसं पाणी थोडं उशिरा चढतं.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, आणि मुंबईला उधाणाची भरती नेहमी दुपारी किंवा मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. म्हणजे त्या दिवसांत पक्षी भल्या सकाळी आणि संध्याकाळी जेवतात आणि भर उन्हात विश्रांतीला जातात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. तेव्हा ओहोटी भर दुपारी येते, पाणी फार खाली उतरत नाही आणि खालचा चिखल उघडाच पडत नाही. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटर आणि कधी त्याहूनही जास्त असतो. भांगाला तो निम्म्यावर येतो. त्यामुळे दोन निरीक्षणांची तुलना करताना तारखेबरोबर तिथीही वहीत हवीच.

सुरुवातीसाठी सगळ्यात सोयीचे दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढच्या तृतीयेपर्यंतचे. सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान तळाची ओहोटी, मग पाणी चढायला लागतं आणि दूरवर पांगलेले पक्षी हळूहळू तुमच्याकडे ढकलले जातात. तुम्हाला एक पाऊलही पुढे टाकावं लागत नाही.

जागा निवडताना उजेड बघा

शिवडीचा चिखल खाडीच्या पश्चिम काठाला आहे, म्हणजे तुम्ही पूर्वेकडे पाहता. सकाळचा सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि समोरचा प्रत्येक पक्षी काळी सावली होऊन बसतो. शिवडीला दुपारनंतरची ओहोटी किंवा चढतं पाणी गाठा. ऐरोली खाडीच्या पूर्व काठाला आहे, तिथे सकाळी सूर्य पाठीशी राहतो. अलिबागजवळच्या आक्षीसारख्या उघड्या किनाऱ्यावरही सकाळ चांगली, कारण समुद्र पश्चिमेला. आक्षीला चिखलापेक्षा वाळू जास्त आहे, त्यामुळे तिथे चिखल्या (प्लोव्हर), कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांची गर्दी असते आणि लांब चोचीचे पक्षी तुलनेने कमी.

ठाणे खाडीचा काही भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे. कुठेही जाण्याआधी प्रवेशाचे नियम विचारून घ्या; बंदराच्या, पंपिंग स्टेशनच्या आणि वनविभागाच्या हद्दीत ते बदलत असतात.

अभयारण्याचं नाव रोहितांवरून, म्हणजे फ्लेमिंगोंवरून पडलं आणि बघे येतात तेही रोहितांसाठीच. गुलाबी थव्याच्या पायाशी हजारोंनी धावणारे लहान पक्षी कुणाच्या फोटोत आले तरी नजरेत येत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. इथवर आलाच आहात तर अर्धा तास तरी त्यांना द्या.

चिखलात उतरू नका. वरून टणक दिसणारा गाळ कमरेपर्यंत आत घेतो आणि पाणी चढायला लागलं की सुटका अवघड होते. ओहोटीला शिंपल्या, कालवं, खुबे काढायला उतरणाऱ्या कोळी-आगरी बायकांना कुठे पाय टाकायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; त्यांच्या मागे जाऊ नका. मात्र काठावर त्यांच्याशी बोला. कुठल्या बाजूला पाणी आधी चढतं, कुठल्या उंचवट्यावर पक्षी शेवटी गोळा होतात, हे त्या तक्त्यापेक्षा नेमकं सांगतात.

सोबत 8×42 ची दुर्बीण, घड्याळ, वही, पेन्सिल, टोपी आणि भरपूर पाणी. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) असला तर उत्तम, नसला तर चढत्या पाण्याची वेळ पकडा.

पहिली पायरी: कामं ओळखा

पहिल्या दिवशी काही मोजू नका. एखादा तास नुसतं बघा आणि दिसणारी प्रत्येक हालचाल पाच-सहा कप्प्यांपैकी कुठल्या तरी एकात बसवा: खाणं, चालणं, विश्रांती, पिसं नीट करणं, सावध उभं राहणं, उडणं. भांडणं दिसली तर सातवा कप्पा करा.

सोपं वाटतं, पण पहिली अडचण लगेच येते, आणि ती चिखल्यांमुळे. चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो. चार पावलं पळतो, थांबतो, पुतळ्यासारखा उभा राहतो, मग एकदम वाकून टिपतो. ते थांबणं विश्रांती नाही, तो चिखलावर कुठे काही हललं का ते बघत असतो. ही शोधायची वेळ खाण्याच्याच कप्प्यात टाका. विश्रांती ओळखायची खूण म्हणजे एक पाय पोटात घेतलेला, मान खांद्यात, किंवा चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. केंटिश चिखल्या कधी कधी एक पाय चिखलावर थरथरवतो. त्या कंपनाने खालचे जीव हलतात आणि दिसतात असा अंदाज आहे. हेही खाणंच.

टिलवे आणि छोट्या तुतारी (सँडपायपर) यांची रीत उलटी. त्यांची चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी सतत खालीवर होते. ते फारसं बघत नाहीत, चाचपतात. चोचीच्या टोकाच्या हाडात स्पर्श ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशींचे पुंजके असतात, त्यांनी गाळात लपलेल्या किड्यांचा सुगावा लागतो. लांब चोचीच्या अनेक वेडरना पूर्ण चोच न उघडता वरच्या चोचीचं फक्त टोक उचलता येतं, त्यामुळे चिखलात खोल गेलेल्या चोचीनेही घास पकडता येतो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा (गॉडविट) डोळ्यांपर्यंत चोच आत घालतो ती याच जोरावर.

उचाट्या वर वळलेली चोच पातळ गाळात डावी-उजवीकडे फिरवत पुढे जातो. शेकाट्या उंच पायांवर पाण्यात उभा राहून वरवरचं टिपतो. टेरेक सँडपायपर मान खाली घालून कुर्ल्यांच्या मागे असा सुसाट धावतो की एकदा बघितलं की त्याचं नाव विसरायला होत नाही. कोरल, म्हणजे कर्ल्यू, मोठी कुर्ली पकडली की ती आपटून, झटकून तिच्या नांग्या-पाय तोडतो, कधी पाण्यात बुडवतो आणि मग गिळतो. एका घासाला त्याला बराच वेळ लागतो. टिलवा त्या वेळात किती तरी वेळा चोच मारून मोकळा होतो.

एक लक्षात ठेवा. सगळेच पाण्याच्या कडेला नसतात. ओल्या कडेचा गाळ मऊ असतो आणि कृमी वर असतात, म्हणून टिलवे आणि पाणटिवळे पाण्याबरोबर सरकतात. पण फिडलर कुर्ल्या ओहोटीला उन्हात बिळाबाहेर येतात, आणि त्यांच्यावर जगणारे व्हिंब्रेलसारखे पक्षी पाण्यापासून दूर, कोरड्या भासणाऱ्या चिखलावर सापडतात. म्हणून प्रत्येक नोंदीत "कडेला", "उथळ पाण्यात" की "उघड्या चिखलावर" हे लिहा. एका शब्दाची नोंद, पण पुढे फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: दर दहा मिनिटांनी एक नजर

आता मोजायला लागा. समोरचा एक पट्टा ठरवा, ज्याच्या दोन्ही टोकांना खूण असेल: एखादा खांब, होडी, कांदळवनाचा कोपरा. दर दहा मिनिटांनी डावीकडून उजवीकडे दुर्बीण फिरवा आणि प्रत्येक पक्षी ज्या क्षणी दिसला त्या क्षणी काय करत होता ते एका रेघेने मांडा. मागे फिरू नका, दुरुस्ती करू नका. आधी डोकं खाली होतं आणि आता वर आलं, तर जे पहिल्यांदा दिसलं तेच खरं.

सगळ्या जाती एकदम घेऊ नका. "लहान", "मध्यम", "मोठे" असे तीन गट पुरेत: चिखल्या आणि टिलवे लहान, लाल पायांचा टिलवा (रेडशँक) आणि त्याच्या आकाराचे मध्यम, पाणटिवळा, कोरल मोठे. एवढ्याने सुद्धा एक गोष्ट दोन-तीन खेपांत ठळक दिसू लागेल. ओहोटी अगदी तळाला असताना मोठ्यांपैकी काही जण सरळ उभे राहून डुलक्या घेत असतात, पण लहान पक्षी अखंड खात असतात. लहान शरीरातून उष्णता लवकर जाते, पोटात साठा कमी मावतो. चिखल उघडा आहे तोवरचा जवळजवळ सगळा वेळ त्यांना खाण्यातच घालावा लागतो.

चर, कांदळवनाची मुळं आणि गवत यांच्यामागे गेलेले पक्षी दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी खूण ठेवा. जे दिसत नाही त्याला अंदाजाने "खातोय" म्हणणं हा वहीतला सगळ्यात वाईट दोष.

तिसरी पायरी: एकाच पक्ष्याच्या मागे

थव्याचा आढावा घेता आला की एक पक्षी निवडा आणि तीन मिनिटं त्याच्यावरून नजर हटवू नका. चोच किती वेळा मारली, किती वेळा काही गिळताना दिसलं, किती पावलं टाकली, किती वेळा मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. शक्य असेल तर शेजारी बसलेल्याने लिहायचं आणि तुम्ही बोलायचं. मान खाली घालून लिहीपर्यंत टिलवा दहा पावलं पुढे गेलेला असतो. एकटे असाल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा.

निवड करताना सगळ्यात जवळचा किंवा सगळ्यात उत्साहाने खाणारा पक्षी घ्यायचा मोह होतो. तो टाळा. दुर्बीण कुठेही रोखा आणि मध्यभागी जो आला तो घ्या. थव्याच्या कडेचे आणि मधले असे दोन्ही पक्षी घ्या. कडेचे जास्त वेळा मान वर करतात, कारण धोका आधी त्यांच्यापर्यंत येतो.

इथे एक सूक्ष्म गोष्ट दिसू शकते. खारं पाणी आणि खाऱ्या जिवांवर जगणाऱ्या या पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. चोचीच्या टोकाशी थेंब जमतो आणि पक्षी मान झटकून तो उडवतो. हे झटकणं नुसतं पाण्याचं समजून सोडून देऊ नका.

पाणी चढताना

मला विचाराल तर सगळ्या निरीक्षणात हा सव्वा-दीड तास सगळ्यात मोलाचा. चिखल आकसत जातो आणि तेवढेच पक्षी कमी कमी जागेत येतात. सुरुवातीला प्रत्येकाच्या भोवती मोकळी जागा असते, नंतर ती संपते आणि भांडणं सुरू होतात: मान खाली घालून धावून जाणं, पंख उचलून धमकावणं, दुसऱ्याने काढलेला घास हिसकावणं. आधी मोठे खाणं थांबवतात. मध्यम पक्षी पिसं नीट करायला लागतात, काही जण उथळ पाण्यात आंघोळ करतात. टिलवे पायाला पाणी लागेपर्यंत चोच मारत राहतात.

या वेळात नोंदी दहाऐवजी पाच मिनिटांनी करा. शेवटचा पक्षी किती वाजता उडाला आणि थवा कुठल्या दिशेला गेला, हे लिहायला विसरू नका. ती दिशा म्हणजे भरतीच्या विश्रांतीची जागा शोधायचा धागा.

भरतीची विश्रांती, आणि ती का मोडायची नाही

चिखल बुडाला की वेडरना उभं राहायला उघडी, सपाट, चारी बाजूंनी दिसेल अशी जागा लागते. ठाणे खाडीच्या काठची मिठागरे, उरण आणि नवी मुंबईतली उथळ पाणथळ तळी, बांध, वाळूचे उंचवटे ही त्यांची ठिकाणं. झाडांच्या दाटीत ते सहसा जात नाहीत, कारण तिथून शिकारी पक्षी दिसत नाही. सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. एका पायावर, चोच पाठीत. जवळून पाहिलंत तर मधूनमधून एक डोळा उघडून मिटताना दिसेल.

ही झोप आहे, पण रिकामा वेळ नाही. भरतीच्या काळात पचन होतं, पिसांची काळजी घेतली जाते आणि शरद ऋतूत आलेले प्रौढ पक्षी जुनी उड्डाणपिसं टाकून नवी आणतात. हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास याच पिसांवर व्हायचा असतो. पंख ताणलेल्या पक्ष्याच्या पिसांच्या रांगेत खाच दिसली तर नोंद करा. तो पक्षी पिसं बदलतो आहे. कधी पक्षी न पचलेल्या कवचांची गोळी चोचीतून बाहेर टाकतानाही दिसतो.

आणखी एक. निम्म्या ओहोट्या रात्री येतात आणि बरेच वेडर रात्रीही खातात. लाल पायांचा टिलवा दिवसा डोळ्यांनी टिपतो आणि अंधारात चाचपून खातो. त्यामुळे सकाळी गाढ झोपलेला थवा दिसला म्हणून त्यांना भूक नाही असा निष्कर्ष काढू नका. आपण त्यांच्या दिवसाचा अर्धाच भाग बघत असतो.

या विश्रांतीच्या जागा नकाशावर रिकाम्या, पडीक दिसतात. पाणथळ भरून घेतलं जातं, मिठागरांवर बांधकामाच्या योजना येतात, आणि "खाडी तर तशीच आहे, पक्षी तिथे जातील" असं सांगितलं जातं. भरतीला खाडीवर उभं राहायला जागाच नसते. खाण्याची जागा शाबूत ठेवून विश्रांतीची जागा काढून घेतली, तर पक्ष्यांना दर भरतीला दूरवर उडून जावं लागतं, आणि त्या उड्डाणात मेहनतीने मिळवलेलं अन्न जळतं. तुमच्या वहीतली "थवा अमुक वाजता अमुक मिठागरावर उतरला, अमुक तास थांबला" ही साधी नोंद या वादात ठोस पुरावा ठरू शकते. त्यासाठी तरी ही जागा शोधा, पण दूर राहा.

थवा उडाला तर

प्रत्येक उड्डाण लिहा: वेळ, किती पक्षी उडाले, किती सेकंद हवेत राहिले, परत तिथेच उतरले का, आणि कारण. कारण दिसलं नाही तर "अज्ञात" लिहा. बहिरी ससाणा आला तर सगळा चिखल एकदम रिकामा होतो, थवा घट्ट गोळा होऊन वळणं घेतो आणि पोटाची पांढरी बाजू लखलखते. भोवत्या (हॅरियर, हाही शिकारी पक्षी) खालून संथ आला तर तो जिथे जातो तेवढेच पक्षी उठतात आणि मागे लगेच बसतात. घारी दिवसभर वर फिरत असतात, त्यांना बहुतेक वेळा फारशी दाद मिळत नाही.

माणसं, कुत्री आणि ड्रोन यांच्यामुळे होणारी उड्डाणं वेगळी मांडा. त्यात तुम्ही स्वतःही आलात. उडण्याआधी पक्षी इशारा देतात: खाणं थांबतं, माना वर येतात, सगळे तुमच्या विरुद्ध दिशेला चालू लागतात. लाल पायांचा टिलवा डोकं वरखाली करत झोके देतो आणि तारस्वरात ओरडतो. हे दिसलं की तिथेच थांबा, खाली बसा, दोन पावलं मागे या. चांगल्या फोटोसाठी मुद्दाम थवा उडवणाऱ्यांना शांतपणे थांबवा. मार्च-एप्रिलमध्ये तर नक्कीच.

महिन्यांप्रमाणे काय बदलतं

जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये पहिले प्रौढ पक्षी येतात. काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून असतो. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं बहुतेक नंतर, आईबापांच्या सोबतीशिवाय येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थिर काळ, पद्धत शिकायला सगळ्यात चांगला. मार्चपासून पुन्हा धांदल. पक्षी जास्त वेळ आणि जास्त वेगाने खातात, पोट गोल दिसायला लागतं, रंग चढतो. लांब पल्ला एका दमात गाठणारे काही वेडर या काळात वजन जवळजवळ दुप्पट करतात. एप्रिलमध्ये कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल दिसतो आणि हिवाळाभर तुम्ही टिपलेल्या करड्या पक्ष्याची ओळख एकदम पटते. मे महिन्यात बहुतेक निघून जातात, मात्र काही जातींचे वर्षभराचे तरुण पक्षी पावसाळाभर इथेच राहतात.

कुठले कुठे जातात हे वेगवेगळं आहे. टिलवा आर्क्टिक टुंड्रात, लाल पायांचा टिलवा लडाखमध्येसुद्धा, आणि आपल्याकडे प्रचंड संख्येने येणारे छोटे सँड प्लोव्हर तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवर वीण घालतात. एकाच चिखलावर शेजारी शेजारी खाणाऱ्या पक्ष्यांची परतीची तयारी म्हणूनच एका वेळी सुरू होत नाही. कोणत्या गटाचं खाणं कधी वाढलं, ही तुलना मार्चच्या नोंदींतून करून बघा.

वहीतून हिशेब

घरी आल्यावर प्रत्येक नजरेची टक्केवारी काढा. समजा एका फेरीत 40 लहान पक्षी दिसले आणि त्यातले 28 खात होते, तर 70 टक्के. ही टक्केवारी घड्याळाच्या वेळेसमोर न मांडता ओहोटीच्या तळापासून किती वेळ झाला त्यासमोर मांडा: तळाच्या एक तास आधी, तळाला, एक तासाने, दोन तासांनी. असं केलं तरच पौर्णिमेचा दिवस आणि पंचमीचा दिवस शेजारी ठेवता येतात. उधाण आणि भांगाचे दिवस वेगळे ठेवा. एका दिवसावरून काही ठरवू नका. वारा, ऊन, एखादा ससाणा, कुणाचा कुत्रा, यातल्या कशानेही तो दिवस बदललेला असू शकतो. एकाच पट्ट्यावर, एकाच रीतीने, पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नाही.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना पक्ष्यांच्या संख्येबरोबर टिपणीत पाण्याची स्थिती आणि काय करत होते ते लिहा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून ती सुरू आहे आणि नवख्यांनाही तिच्यात अनुभवी लोकांबरोबर मोजायला मिळतं. तिथे जा. हजाराचा थवा दहा-दहाच्या गटांनी कसा मोजायचा हे वाचून कळत नाही, शेजारी उभं राहूनच कळतं.

कधी तरी एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत झेंडी किंवा धातूचं वळं दिसेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक मुंबईच्या खाड्यांवर वेडर पकडून, वळी घालून परत सोडतात. दुसऱ्या देशांत झेंडी लावलेले पक्षीही इथे येतात. डावा पाय की उजवा, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, वरच्या झेंडीचा रंग कोणता आणि खालच्या झेंडीचा कोणता, अक्षरं-अंक असले तर ते, आणि त्या वेळी पक्षी खात होता की विश्रांती घेत होता, एवढं सगळं लिहून सोसायटीला कळवा. फोटो अंधुक असला तरी जोडा. झेंडी वाचण्यासाठी पक्ष्याच्या मागे जाऊ नका. पाणी चढत असेल तर थांबा, तोच जवळ येईल. आणि अर्धाच अंक वाचता आला तर अर्धाच लिहा, उरलेला अंदाजाने भरू नका.